आपल्याच नावाच्या जाहिरातीवर कमिशन कोण खातं? समुद्रपूरच्या भावाला सविस्तर उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळला की नाही हे तुम्हालाच दिसेल. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात तुम्ही दोघं भाऊ हळद पिकवता, घरीच उकळून-वाळवून दळता आणि स्वतःच्या वेबसाइटवरून पावडर विकता. गूगलवर महिन्याला बारा हजारांच्या आसपास जाहिरात चालते. मागच्या दिवाळीला कोणीतरी सुचवलं म्हणून अफिलिएट योजना सुरू केली, म्हणजे जो आपल्या लिंकवरून तुमच्याकडे गिऱ्हाईक पाठवेल त्याला विक्रीवर १५ टक्के कमिशन. आता कमिशनचं बिल दर महिन्याला फुगून राहिलं आणि एकूण ऑर्डरी मात्र होत्या तिथंच आहेत. तुमच्या ब्रँडच्या नावावरचा क्लिक तीन रुपयांना पडायचा, तो अकरावर गेला. त्यात पुण्याच्या मावसबहिणीनं एक स्क्रीनशॉट पाठवला; नाव तुमचं, वेबसाइट तुमची, पण ती जाहिरात तुम्ही लिहिलेलीच नाही. तुम्हाला हे हवं आहे : गूगलकडे तक्रार कुठं करायची, बोली किती वाढवायची, आणि चुलतभाऊ म्हणतो तसं चार मोबाइलवरून त्या जाहिरातीवर क्लिक मारत बसायचं का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तो धंदा तुम्ही आज रात्रीच सुरू कराल अशी मला भीती आहे. अजिबात नको. असे क्लिक गूगलची यंत्रणा बऱ्यापैकी ओळखते आणि त्यांचे पैसे जाहिरात देणाऱ्याकडून घेत नाही, म्हणजे त्याचं नुकसान होईलच असं नाही. शिवाय ती जाहिरात तुमच्याच साइटवर येते, म्हणजे चुलतभावाच्या चारही मोबाइलमध्ये त्या माणसाची कुकी, म्हणजे ‘हे गिऱ्हाईक याच्या लिंकवरून आलं’ अशी खूण, बसेल. पुढच्या आठवड्यात त्यातल्या एकावरून तुम्ही चाचणीची ऑर्डर टाकली की तिचंही कमिशन त्यालाच. असं झालेलं मी पाहिलं आहे, म्हणून सांगतो.

आता मूळ मुद्दा. तुम्ही ज्याला स्पर्धक म्हणता, तो माझ्या अंदाजाने स्पर्धक नाहीच. रब्बीत जागलीला ठेवलेला माणूसच हरभऱ्याचे डहाळे उपटून घरी नेतो, त्यातला हा प्रकार आहे. तो रानडुकरासारखा बाहेरून शिरलेला नाही, त्याला तुम्हीच ठेवलंय आणि महिन्याला पगारही देता. बाहेरच्याशी भांडायचं असेल तर गूगल आणि कोर्ट आहे. आतल्याला आवरायला तुमचा करार आणि तुमची सही पुरते. ही दोन भांडणं वेगळी आहेत. सगळा घोळ होतो तो आतल्या चोरासाठी बाहेर कुंपण घालत बसल्यामुळे.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, स्वतः खड्ड्यात पडून सांगतो. २०१९ साली अमरावती जिल्ह्यातल्या एका लाकडी घाण्याच्या गिऱ्हाइकाचं काम माझ्याकडे होतं. जवसाचं आणि शेंगदाण्याचं तेल. त्यांच्या नावावरचा क्लिक असाच महाग होत गेला. मी म्हटलं कोणी मोठा घुसलाय, आणि बोली वाढवत गेलो. पाच आठवडे. मालक रोज विचारायचे, समोर कोण आहे? मी रोज अमरावतीत माझ्या मोबाइलवर शोधायचो, दुसरी जाहिरात एकदाही दिसली नाही. मग नाशिकला एका लग्नाला गेलो. रात्री साडेबाराला लॉजवर पडल्या पडल्या सहज नाव टाकलं, तर वरती आमचीच साइट, पण मजकूर माझा नव्हता. ‘जवसाचे’ ऐवजी ‘जवासाचे’ लिहिलं होतं, तेवढ्यावरून ओळखलं. क्लिक केलं, साइट उघडली, आणि वर पत्त्याच्या पट्टीत शेवटी आमच्याच एका अफिलिएटचा क्रमांक. त्यानं जाहिरातीच्या सेटिंगमध्ये अमरावती आणि नागपूर वगळून ठेवलं होतं आणि जाहिरात रात्री दहा ते सकाळी सातच चालवायचा. म्हणजे ज्यांनी पाहायला हवं ते झोपेत, आणि जागे असले तरी चुकीच्या जिल्ह्यात. तेवढ्या पाच आठवड्यांत मी मालकाचे साडेनऊ हजार जास्तीचे घालवले होते, आणि ती बोली लढत होती ती त्यांच्याच पैशांशी. ते मला काही बोलले नाहीत. चहा पाजला आणि म्हणाले, पुढच्या वेळी लग्नं जरा लवकर काढत जा.

हे चालतं कसं, ते एकदा समजून घ्या. बाजार समितीतल्या हर्रासात ज्याची बोली जास्त त्याचा माल. गूगलच्या हर्रासात बोलीबरोबर जाहिरातीचा दर्जाही मोजतात : लोक क्लिक करण्याची शक्यता किती, शोधलेल्या शब्दाशी मजकूर जुळतो का, उघडणारं पान कामाचं आहे का. आणि शेवटी आकारतात ती रक्कम जागा टिकवायला लागेल तेवढीच, तुमची कमाल बोली नव्हे. आता त्यात एक नियम असा की एकाच वेबसाइटच्या दोन जाहिराती एकाच जागी शेजारी शेजारी दाखवत नाहीत. अफिलिएटनं जाहिरातीत पत्ता तुमचाच टाकला की त्या जागेसाठी तुमची जाहिरात आणि त्याची जाहिरात यांच्यात निवड होते. त्याची जिंकली की तुमची खाली सरकते किंवा दिसतच नाही. गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. तो तुमचं नाव शोधत आला, तुमच्या साइटवर पोचला, हळद घेतली. मधल्यामध्ये ट्रॅकिंगची लिंक लागली आणि शेवटचा क्लिक म्हणून विक्री अफिलिएटच्या खात्यात मांडली गेली.

त्याला परवडतं कसं? तुमचेच आकडे घेतो. सरासरी ऑर्डर ६४० रुपये, १५ टक्क्यांनी कमिशन ९६. नाव टाकून येणारा माणूस घ्यायच्या तयारीनंच आलेला असतो, समजा दहातला एक घेतो. चार रुपयांनी दहा क्लिक म्हणजे त्याचा खर्च चाळीस. छप्पन्न रुपये त्याच्या खिशात, एकही नवं गिऱ्हाईक न आणता. क्लिक आठ रुपयांचा झाला तरी त्याला सोळा सुटतात. म्हणून तुम्ही बोली वाढवली की तोही वाढवतो आणि तुम्ही दमेपर्यंत दमत नाही. तुमच्या बाजूनं पाहा : हाच माणूस तुमच्या जाहिरातीवरून चाळीसात आला असता, किंवा खालच्या फुकटच्या निकालावरून शून्यात. तुम्ही त्याचे शहाण्णव देता. म्हणून ‘बोली किती वाढवू’ या प्रश्नाला माझं उत्तर असं की चोर कोण ते कळेपर्यंत एक रुपयाही वाढवू नका.

कळायचं कसं, त्याचे मी वापरतो ते मार्ग सांगतो. सगळे एकदम लागत नाहीत.

गूगल अॅड्सच्या खात्यात ऑक्शन इनसाइट्स नावाचा अहवाल असतो. ब्रँडच्या कॅम्पेनसाठी तो उघडा. तुमच्याबरोबर त्या हर्रासात कोण कोण होतं, किती वेळा होतं, किती वेळा तुमच्या वर होतं, हे साइटच्या नावानं दिसतं. त्यात ‘तुम्ही’ अशी एक ओळ असते. तिच्याशिवाय तुमच्याच वेबसाइटचं नाव दुसऱ्या ओळीत आलं असेल, तर तुमचा पत्ता वापरून आणखी कोणीतरी जाहिरात देतंय. पण घाई करू नका. एकदा माझ्या एका गिऱ्हाइकाकडे ती दुसरी ओळ जुन्या एजन्सीनं बंद न केलेल्या खात्याची निघाली होती. बिल कोण भरत होतं हे त्यांनाही माहीत नव्हतं. आणि तुमची परफॉर्मन्स मॅक्स कॅम्पेन, म्हणजे कुठं आणि कोणाला दाखवायचं ते गूगल स्वतःच ठरवतं तशी, चालू असेल तर ब्रँडच्या नावावरचे शोध तीही खाते. मग साध्या ब्रँड कॅम्पेनचे आकडे पडलेले दिसतात आणि आपण शेजाऱ्यावर संशय घेतो. त्या कॅम्पेनला स्वतःचा ब्रँड वगळायची सोय आहे, ती आधी लावा.

दुसरी जागा म्हणजे तुमच्या साइटची नोंदवही, सर्व्हर लॉग. होस्टिंगवाल्याकडून किंवा साइट बनवणाऱ्या पोराकडून पंधरा दिवसांची मागवा. गूगलच्या जाहिरातीवरून आलेल्या पत्त्याला सहसा जीसीएलआयडी नावाचं लांबलचक शेपूट असतं. तुमच्या स्वतःच्या जाहिरातींवरही ते असतं, त्यामुळे नुसतं ते दिसलं म्हणून ओरडू नका. पण ज्या पत्त्यात ते शेपूट आणि अफिलिएटचा क्रमांक दोन्ही एकत्र आहेत, तो माणूस गूगलवर पैसे भरून तुमच्याकडे गिऱ्हाईक पाठवतोय, यात शंका उरत नाही. हुशार असेल तर मध्ये दोन-तीन दुसऱ्या पत्त्यांवरून उड्या घेऊन शेपूट पुसतो. पण आपल्याकडच्या छोट्या योजनांत इतकी मेहनत घेणारे मला कमीच भेटले.

तिसरं, अफिलिएटच्या अहवालात वागणूक पाहा. खरा माणूस, म्हणजे पाककृतींचे व्हिडिओ करणारी एखादी ताई, शंभर लोक पाठवते तेव्हा एक-दोन घेतात. ज्याच्या शंभरातले दहा-बारा घेतात, क्लिकनंतर तीन मिनिटांत ऑर्डर पडते, ऑर्डरी रात्रीच्या असतात, पुणे-मुंबई-हैदराबादच्या असतात आणि वर्धा-नागपूरची एकही नसते, त्याच्या नावापुढं पेन्सिलीनं खूण करा. तुमच्या जिल्ह्यातली शून्य विक्री हा माझ्या लेखी सगळ्यात बोलका पुरावा. आपल्या हळदीला हिंगणघाट-वर्ध्यातच गिऱ्हाईक नाही, असं होतं का बाप्पा?

जाहिरात प्रत्यक्ष पाहायची असेल तर स्वतःचं नाव गूगलवर दहा वेळा टाकत बसू नका. तुमची जाहिरात दिसते पण क्लिक होत नाही, असं वाढत जातं आणि दर्जा पडतो. खात्यात अॅड प्रिव्ह्यू म्हणून साधन आहे; त्यात गाव पुणे निवडा, मोबाइल निवडा, भाषा बदलून पाहा, रात्री अकरानंतर पाहा. याशिवाय गूगलचं अॅड्स ट्रान्सपरन्सी सेंटर २०२३ पासून सगळ्यांना खुलं आहे. त्यात तुमच्या साइटचा पत्ता टाकला की तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या जाहिराती आणि त्यांच्या पडताळणी झालेल्या जाहिरातदाराचं नाव दिसतं. २०१९ मध्ये हे असतं तर माझं नाशिकचं जागरण वाचलं असतं.

आणि शेवटची कसोटी, जी मला सगळ्यात जास्त पटते. ज्याच्यावर संशय आहे त्या एकट्याचं खातं पंधरा दिवस थांबवा आणि दुकानाच्या एकूण ऑर्डरी मोजा. त्याच्या विक्रीचा आकडा शून्य होणारच, तो पाहू नका. एकूण घटली नाही तर तो तुमचंच तुम्हाला विकत होता. एकूण घटली, तर त्याच्यातला काही भाग खरा होता आणि त्याच्याशी बोलण्यासारखं आहे. हे दिवाळीत करू नका, आणि मार्च-एप्रिलमध्ये नवी हळद येते, बायका वर्षाचं तिखट-हळद करून ठेवतात, तेव्हाही नको. त्या दिवसांत आकडे तसेही उड्या मारतात.

इथवरचं थोडक्यात : आधी घरचं दुसरं खातं आणि परफॉर्मन्स मॅक्स तपासा, मग ऑक्शन इनसाइट्स, मग लॉग, मग पंधरा दिवसांचा थांबा. बोलीला हात नाही.

माणूस सापडला की लगेच हाकलायचं का? हे परिस्थितीवर आहे. तुमच्या योजनेच्या अटी मी वाचल्या, दीड ओळ आहे : ‘विक्रीवर १५% कमिशन, दर महिन्याच्या ५ तारखेला.’ यात त्यानं मोडावं असं काही तुम्ही लिहिलेलंच नाही. शिवाय तो खरंच निर्दोष असू शकतो. त्यानं ‘हळद पावडर’ एवढाच कीवर्ड, म्हणजे ज्या शोधावर जाहिरात दाखवायची तो शब्द, ब्रॉड मॅचवर (जवळपासच्या शोधांवरही चालेल असा) लावला असेल तरी गूगल त्याची जाहिरात तुमच्या नावाच्या शोधावर दाखवू शकतं. म्हणून ‘आमच्या नावावर बोली लावू नये’ एवढं लिहून भागत नाही. ‘आमचं नाव निगेटिव्ह कीवर्ड म्हणून टाकलंच पाहिजे’, म्हणजे त्या शोधावर जाहिरात दाखवूच नका, असं लिहावं लागतं. बहुतेकांचा करार इथंच गळतो.

माझ्या गिऱ्हाइकांना मी देतो तो मजकूर जवळपास असा आहे, मराठीतच ठेवा, चालतो :

‘आमचं ब्रँडनाव, ते देवनागरीत आणि रोमनमध्ये लिहायच्या सर्व तऱ्हा, चुकीची स्पेलिंग, आणि या नावाला कूपन, ऑफर, किंमत, रिव्ह्यू, असली-नकली असे शब्द जोडून होणारे शोध यांवर कोणत्याही सर्च इंजिनात पैसे देऊन जाहिरात करायची नाही. सोबतच्या यादीतले शब्द प्रत्येक कॅम्पेनमध्ये निगेटिव्ह म्हणून टाकायचे. जाहिरातीत आमचा वेब पत्ता वापरायचा नाही व जाहिरातीवरून थेट आमच्या साइटवर आणायचं नाही. हा नियम सर्व गावांना व सर्व वेळांना लागू आहे. ज्या महिन्यात भंग आढळेल त्या महिन्याचं पूर्ण कमिशन रद्द होईल. दुसऱ्यांदा आढळल्यास खातं बंद. कमिशन माल पोचून ३० दिवस झाल्यावर देय होईल. परत आलेल्या ऑर्डरीवर कमिशन नाही.’

‘सर्व गावांना व सर्व वेळांना’ हे शब्द नाशिकच्या लॉजवरून आलेले आहेत. आणि यादी खरोखर जोडा. तुमच्या नावात ‘व’ आहे, म्हणजे कोणी व्ही लावून लिहितो, कोणी डब्ल्यू लावून. तेवढ्यानंच दुप्पट तऱ्हा होतात. सर्च टर्म्सच्या अहवालात लोकांनी प्रत्यक्ष काय काय टाकलं ते मिळतं, डोकं चालवायची गरज नाही. जुन्या अफिलिएटांना हे मेलवर पाठवा, सात दिवसांत ‘मान्य’ असं उत्तर मागा. ज्याचा धंदा नावावरच चालतो तो उत्तर देत नाही किंवा लांबलचक वाद घालतो. माझ्याकडे तर एकानं तीन पानी इंग्रजी मेल लिहून पाठवली की त्याच्यामुळे ब्रँड ‘सुरक्षित’ राहतो. राखणदाराचं बिल!

परतीच्या ऑर्डरीचं कलम साधं वाटतं, पण आपल्याकडे ते फार महत्त्वाचं आहे. कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर ऑर्डर टाकायला कोणाचाही नंबर पुरतो. पार्सल गावात जातं, ‘मी मागवलंच नाही’ म्हणून परत येतं, दोन्ही बाजूंचं भाडं तुमच्यावर, आणि कमिशन पाच तारखेला आधीच गेलेलं. ऑर्डर पडताच कमिशन मोजणारी योजना म्हणजे अशा लोकांना पाठवलेलं आमंत्रणच.

कूपनवाल्यांचा प्रकार थोडा निराळा आहे. तुमच्या चेकआउटवर ‘कूपन कोड टाका’ असा मोठा चौकोन आहे. गिऱ्हाईक पैसे भरायला आलेलं असतं, चौकोन पाहून थांबतं, दुसरी खिडकी उघडून तुमचं नाव आणि कूपन असं शोधतं, कुठल्यातरी साइटवर ‘कोड दाखवा’ दाबतं, आणि परत येतं ते त्या साइटची कुकी घेऊन. कोड बहुतेक वेळा चालतही नाही. यावर करार करण्यापेक्षा तो चौकोन लपवून बारीक अक्षरांची ओळ करा, आणि तुमच्याच साइटवर ‘चालू ऑफर’ असं एक पान ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे.

आता बाहेरच्या माणसाबद्दल. समजा तपासात असं निघालं की वर येणारा तुमचा अफिलिएट नाहीच. दुसरी हळद विकणारा आहे, किंवा एखाद्या मोठ्या बाजारपेठ-साइटचा अफिलिएट. इथं तुमचा ‘गूगलकडे तक्रार कुठं करायची’ हा प्रश्न लागू होतो, पण उत्तर तुम्हाला फारसं आवडणार नाही. दुसऱ्याचा ट्रेडमार्क कीवर्ड म्हणून वापरण्यावर गूगल बंदी घालत नाही. तक्रार चालते ती जाहिरातीच्या मजकुरात नाव वापरल्याची, त्यासाठी वेगळा ट्रेडमार्क फॉर्म आहे. आणि त्यातही तुमचाच माल विकणाऱ्याला किंवा त्याची माहिती देणाऱ्या पानाला काही अटींवर सूट मिळते. म्हणजे गंमत बघा, तुमचाच अफिलिएट या सुटीत बसू शकतो. म्हणून आतल्या माणसासाठी गूगलचं दार ठोठावू नका म्हणतो.

कोर्टाचंही साधारण तसंच आहे. अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्स चालवणाऱ्या डीआरएस लॉजिस्टिक्स आणि गूगल यांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं १० ऑगस्ट २०२३ ला निकाल दिला. कीवर्ड म्हणून ट्रेडमार्क वापरणं हा कायद्याच्या अर्थानं वापर आहे आणि गूगल यात नुसता बघ्या नाही, असं म्हटलं. पण नुसतं कीवर्ड लावलं म्हणून उल्लंघन होत नाही, गिऱ्हाइकाची दिशाभूल वगैरे व्हायला हवी, असंही म्हटलं. पुढं मेकमायट्रिप विरुद्ध बुकिंग डॉट कॉमच्या वादात मेकमायट्रिपला आधी मिळालेला दिलासा त्याच न्यायालयाच्या खंडपीठात टिकला नाही आणि मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हस्तक्षेप केला नाही. एवढ्या मोठ्या कंपन्यांना जे जमलं नाही त्यासाठी तुम्ही समुद्रपूरहून वकील लावू नका. दिशाभूल स्पष्ट असेल, म्हणजे तुमचं नाव लिहून दुसऱ्याचाच पुडा विकत असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा स्क्रीनशॉट, तारीख, वेळ आणि मागवलेलं पार्सल घेऊन वकिलाकडे जा.

त्यासाठी मुळात तुमच्या नावाची नोंदणी हवी, आणि ती तुम्ही केलेली नाही. मसाल्यांसाठी वर्ग ३० लागतो. वैयक्तिक, स्टार्टअप किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्जाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये फी आहे, नोंदणी दहा वर्षं चालते. एका महिन्याच्या फुकट गेलेल्या कमिशनमध्ये हे काम होतं.

पण एक गैरसमज इथंच काढतो. तुमच्या प्रश्नात तुम्ही दोन नावं एकत्र केली आहेत. एक तुमच्या ब्रँडचं, आणि दुसरं ‘वायगाव हळद’. दुसरं नाव तुमचं एकट्याचं नाही. वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जसं भिवापूरच्या मिरचीला मिळालं आणि त्याआधी २०१४ मध्ये नागपूरच्या संत्र्याला. ते त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचं आहे. शेजारच्या गावातला शेतकरी ‘वायगाव हळद’ या शब्दावर बोली लावत असेल तर ती अन्यायी स्पर्धा नाही, ती स्पर्धाच आहे; तिथं तुमचं पान, तुमचे फोटो, तुमचा भाव यांवरच जिंकायचं. हां, कुठलीही हळद वायगावची म्हणून कोणी खपवत असेल तर ते मानांकनाचं उल्लंघन आहे, आणि तिथं एकट्यानं न लढता सगळ्या उत्पादकांनी मिळून तक्रार केलेली बरी. तुम्ही स्वतः अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद केली नसेल तर तीही करून घ्या.

बाहेरचा माणूस आहे हे नक्की झालं, तरच ब्रँडवर बोली लावण्याचा विचार. त्यासाठी वेगळी छोटी कॅम्पेन, फक्त तुमच्या नावाचे नेमके शब्द, एक्झॅक्ट मॅचवर (तोच शोध आला तरच दिसेल असे), रोजची मर्यादा ठरवून. तुमच्या नावासाठी तुमचंच पान सगळ्यात जुळणारं असतं, त्यामुळे दर्जाच्या गुणांत तुम्ही पुढं असता आणि त्याच जागेसाठी त्याला तुमच्यापेक्षा जास्त मोजावं लागतं. जाहिरातीला फोन नंबर जोडा. आपल्याकडचं गिऱ्हाईक ऑर्डरच्या आधी एकदा बोलून पाहतं, आणि तुमच्या घरच्या आवाजाची नक्कल कोणाला करता येत नाही. आणि समोर कोणीच नसेल तर ही कॅम्पेन बंदही ठेवा, खालचा फुकटचा निकाल आहेच. यावर माझ्या व्यवसायातले लोक माझ्याशी भांडतात, पण महिन्याला बारा हजारांच्या बजेटमध्ये स्वतःच्या नावावर खर्च करणं मला जिवावर येतं. त्यावर १८ टक्के जीएसटी आहे तो वेगळाच.

आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवर मोबाइल किंवा संगणक ओळखायचे नंबर, ब्लॉक करायचं कोणीतरी सुचवलंय तुम्हाला. मोबाइल कंपन्या एकाच पत्त्यामागे ढीगभर गिऱ्हाइकं ठेवतात. एक चोर अडवायला अख्खी बस उतरवाल.

अजून एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण तुमच्या बहिणीच्या त्या स्क्रीनशॉटमध्ये मला दिसली. त्या जाहिरातीत ‘सांधेदुखी कायमची बरी’ असं लिहिलंय. हे तुम्ही लिहिलं नसलं तरी नाव तुमचं आणि पान तुमचं आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्राची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि आजार बरे करण्याच्या दाव्यांवर १९५४ चा जुना कायदा आहेच. कमिशनचे पैसे गेले तर भरून निघतील, हे निस्तरायला जड जाईल. तेव्हा करारात ‘आम्ही दिलेल्या मजकुराबाहेर कोणताही दावा करायचा नाही’ हे वाक्य घाला, आणि त्या माणसाला बाकीचा तपास पूर्ण व्हायची वाट न पाहता आजच लेखी कळवा की ही जाहिरात बंद कर.

मग अफिलिएट योजनाच बंद करावी का? मी नाही करणार. तुमच्या यादीत पंधरा-सोळा नावं आहेत, त्यातली तीन-चार खरोखर नवी माणसं आणत असतील. त्यांना १५ ऐवजी १८ टक्के द्या, पण फक्त पहिल्यांदा घेणाऱ्या गिऱ्हाइकावर; जुन्यावर पाच किंवा काहीच नाही. दर असा वेगळा केला की नावावर बोली लावणाऱ्याला यात फारसं काही उरत नाही, कारण तुमचं नाव टाकून येणारे बरेचसे जुनेच असतात. कुकीची मुदतही ३० दिवसांवरून सातवर आणा. हळद काही कोणी महिनाभर विचार करून घेत नाही.

आता करायचं ते एवढं : पुण्याच्या बहिणीला सांगा, आज रात्री अकरानंतर इनकॉग्निटोमध्ये तुमचं नाव टाकायला. जाहिरात दिसली की तिच्याशेजारचे तीन टिंब दाबायचे, तिथं जाहिरातदाराचं नाव आणि देश येतो, त्याचा स्क्रीनशॉट. मग एकदाच क्लिक, आणि उघडलेल्या पानाचा पूर्ण पत्ता कॉपी करून तुम्हाला व्हॉट्सअॅपवर. त्या पत्त्यातला क्रमांक तुमच्या अफिलिएटच्या यादीशी जुळतो का पाहा. जुळला तर वरचा करार, नाही जुळला तर ऑक्शन इनसाइट्सचा तीन महिन्यांचा अहवाल काढून ठेवा, साइटची नावं झाकून मला दाखवा, पुढचं त्यावर बोलू.